जुन्या पिकअपचा ब्रेक लाइट: सोलापुरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाचे परीक्षण

सोलापुरात हैदराबाद रस्त्यावर, बाजार समितीच्या आवारापासून जवळच, मालवाहू गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारे एक लहानसे दुकान आहे. आमच्या 2011 सालच्या पिकअपचा डावीकडचा ब्रेक लाइट बराच काळ त्रास देत होता. तो दुरुस्त करून घेण्यासाठी मी त्या दुकानात गेलो आणि तेथे जे काम पाहिले, ते सविस्तर लिहून ठेवण्याजोगे आहे असे मला वाटले. दुकान चालवणाऱ्या वयस्क गृहस्थांना सगळे चालक उस्ताद म्हणतात. आपले आणि दुकानाचे नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. मात्र मार्केट यार्डात कांद्याची गाडी घेऊन येणाऱ्या जुन्या चालकाला विचारल्यास दुकान सापडायला अडचण पडू नये. माझे मत आरंभीच सांगतो. दोष नेमका कोठे आहे हे कळेपर्यंत या दुकानात एकही सुटा भाग बदलला जात नाही, आणि मुख्यतः याच कारणासाठी मी त्याची मनापासून शिफारस करतो.

आमची गाडी मोहोळच्या बाजूने पुणे-सोलापूर महामार्गाने कांदा घेऊन येते. सकाळच्या लिलावाला माल लागावा म्हणून बहुतेक वेळा रात्रीच निघावे लागते. सावळेश्वरच्या टोल नाक्यावर सगळी वाहतूक एकदम मंदावते, आणि उसाचे गाळप सुरू असताना मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अचानक पुढ्यात येतात, त्यामुळे चालकाला ब्रेक वारंवार दाबावा लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात 16 ते 17 मीटर पुढे जाते. मागच्या चालकाला पुढची गाडी थांबते आहे हे एक सेकंद उशिरा समजले, तर भरलेल्या ट्रकला ते अंतर नंतर भरून काढता येत नाही. आमच्या गाडीवर माझ्या भावाचा मुलगा चालक म्हणून असतो. त्यामुळे या एका दिव्याबद्दल मला वाटणारी काळजी केवळ गाडीच्या मालकाची नव्हती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

दोषाचे स्वरूप विचित्र होते. दिवसा ब्रेक दाबला की उजवा दिवा लख्ख लाल पेटायचा आणि डावा मंद, जणू बल्बमध्ये जीवच नाही असा. रात्री दिवे लावलेले असताना मात्र डावीकडचा मागचा लहान दिवा व्यवस्थित चालू असायचा, आणि ब्रेक दाबला की तोच विझायचा. ब्रेक सोडला की पुन्हा पेटायचा. म्हणजे ज्या क्षणी तो दिवा सर्वांत तेजस्वी दिसायला हवा, त्याच क्षणी तो नाहीसा होत होता. भरलेल्या गाडीच्या मागून येणाऱ्या माणसाला गाडीची डावी कड दिसेनाशी होणे किती धोक्याचे आहे, हे महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याआधी दोन ठिकाणी ही गाडी दाखवून झाली होती. एका गॅरेजने डाव्या दिव्याचा बल्ब बदलला, आणि दिवा मंदच राहिल्यावर त्याच कंपनीचा दुसरा बल्ब बसवला. दुसऱ्या ठिकाणी ब्रेकचा स्विच बदलण्यात आला आणि त्याचबरोबर डाव्या दिव्याचे होल्डरही नवीन घातले गेले. प्रत्येक वेळी पैसे गेले, गाडी उभी राहिली, आणि घरी येताना दिव्याचे वागणे पूर्वीसारखेच होते. त्या दोन्ही ठिकाणच्या कारागिरांनी मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी अंदाज बांधला आणि त्या अंदाजाचा खर्च आमच्यावर पडला, एवढे मात्र खरे आहे.

उस्तादांच्या दुकानात पहिली गोष्ट जाणवली ती अशी की त्यांनी माझ्याशी थोडे आणि चालकाशी बराच वेळ बोलणे केले. दिवा केव्हा मंद होतो, गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना काही फरक पडतो का, गाडी धुतल्यानंतर त्रास वाढतो का, हौद्याचे काही काम अलीकडे झाले आहे का, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. गेल्या पावसाळ्यानंतर हौद्याचा पत्रा बदलून त्याला रंग दिला होता आणि त्रास साधारण त्यानंतरचाच आहे, हे पुतण्याने तेथे सांगितले. ही माहिती आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी विचारलीच नव्हती. उस्तादांनी मान हलवली, पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढला नाही.

त्यानंतर त्यांनी पुतण्याला आत बसवले, हाताखालच्या मुलाला मागे उभे केले आणि दिव्यांच्या सगळ्या जोड्या करून पाहिल्या: दिवे बंद ठेवून ब्रेक, दिवे लावून ब्रेक, दिवे लावून ब्रेकशिवाय, इंडिकेटर लावून ब्रेक. हातात अजून एकही हत्यार नव्हते. एवढ्या पाहणीतूनच त्यांनी निम्मी गाडी संशयातून बाद केली. त्यांचा तर्क साधा होता आणि तो त्यांनी मला उभ्याउभ्या समजावून सांगितला. या गाडीत दोन्ही ब्रेक लाइटना वीज एकाच फ्यूजमधून, एकाच स्विचमधून आणि मागे जाणाऱ्या एकाच तारेतून मिळते. हौद्याच्या मागच्या टोकाशी आल्यावर ती तार डावीउजवीकडे फुटते. उजवा दिवा पूर्ण तेजाने पेटतो आहे, त्याअर्थी फाट्यापर्यंतचा सगळा मार्ग चांगला आहे. उरतात त्या चारच गोष्टी: डावीकडे जाणारा तारेचा तुकडा, होल्डर, बल्ब आणि डाव्या दिव्याचे अर्थिंग, म्हणजे दिव्यातून वीज गाडीच्या सांगाड्यामार्फत बॅटरीकडे परत नेणारी जोडणी.

हा तर्क ऐकताना मला आधीच्या खर्चाचे वाईट वाटले. उजवा दिवा चांगला पेटत असताना ब्रेकचा स्विच बदलण्याला काहीच आधार नव्हता. हे समजायला मीटर लागत नाही. दोन्ही दिवे एका स्विचवर आहेत एवढे ध्यानात ठेवावे लागते. गाडीच्या विजेचे काम करणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा करणे गैर नाही, असे मला वाटते.

पुढची तपासणी मी जवळ उभे राहून पाहिली. उस्तादांकडे एक साधा टेस्ट लॅम्प आहे: एका होल्डरमध्ये 21 वॉटचा बल्ब, त्याला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना चिमटे. विकतच्या लेखणीसारख्या टेस्टरमध्ये फार लहान बल्ब असतो, म्हणून ते तो वापरत नाहीत. डावीकडचा बल्ब काढून त्यांनी टेस्ट लॅम्पचा एक चिमटा होल्डरमधील ब्रेकच्या पॉइंटला आणि दुसरा चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, घासून चकचकीत केलेल्या जागी लावला. ब्रेक दाबताच टेस्ट लॅम्प लख्ख पेटला, म्हणजे वीज डाव्या होल्डरपर्यंत पूर्ण ताकदीने पोहोचत होती. मग दुसरा चिमटा चॅसीवरून काढून दिव्याच्या स्वतःच्या अर्थिंगला लावला. ब्रेक दाबला, आणि टेस्ट लॅम्प अंधारच राहिला. एवढ्यात दोष सापडला होता.

त्याच जागी त्यांनी मुद्दाम मला मल्टिमीटरही लावून दाखवला, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. ज्या दोन टोकांमध्ये टेस्ट लॅम्प पेटत नव्हता, त्याच दोन टोकांमध्ये मीटर 12 व्होल्टच्या जवळपास दाखवत होता. केवळ मीटरवर विसंबणाऱ्या कारागिराने येथे अर्थिंग चांगले आहे असे मानले असते, आणि बहुधा आधी तसेच झाले असावे. मीटरला स्वतःला नगण्य करंट लागतो. गंजाच्या आणि रंगाच्या थरातून तेवढा करंट सहज झिरपतो आणि मीटर समाधानाने पूर्ण व्होल्टेज दाखवतो. 21 वॉटच्या बल्बला मात्र पावणेदोन ॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो आणि तेवढा त्या थरातून जाऊ शकत नाही. उस्ताद म्हणाले, “मालक, तोटी बंद असली तरी नळात दाब असतोच. तोटी उघडल्यावर हंडा भरतो का, ते बघायचं.” ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेथे हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर बल्ब परत बसवून, ब्रेक दाबून धरून, मीटरचे एक टोक बल्बच्या पितळी टोपीला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून त्यांनी आणखी एक मोजमाप घेतले. चांगल्या अर्थिंगमध्ये येथे जवळजवळ शून्य, फार तर 0.1 किंवा 0.2 व्होल्ट दिसले पाहिजे. आमच्या गाडीत तेथे 11 व्होल्टहून अधिक होते. जी टोपी गाडीच्या सांगाड्याशी जोडलेली असायला हवी, ती प्रत्यक्षात अधांतरी होती.

आता दिव्याच्या त्या विचित्र वागण्याचा उलगडा झाला. तो येथे थोडा विस्ताराने देतो, कारण हा दोष जुन्या गाड्यांमध्ये सर्रास आढळतो आणि लक्षणावरूनच ओळखता येतो. मागच्या दिव्यात जो डबल पॉइंट बल्ब असतो, त्यात दोन फिलामेंट असतात: रात्रीच्या दिव्यासाठी 5 वॉटचे आणि ब्रेकसाठी 21 वॉटचे. दोघांना वीज वेगवेगळ्या पॉइंटमधून येते, परंतु परतीचा मार्ग, म्हणजे बल्बची टोपी, दोघांना समाईक असतो. हा मार्ग तुटला की वीज दुसरी वाट शोधते. दिवसा ब्रेक दाबल्यावर ती मोठ्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येते, तेथून लहान फिलामेंटमधून उलट शिरते आणि रात्रीच्या दिव्यांच्या तारेने उजव्या दिव्याकडे, नंबर प्लेटच्या आणि पुढच्या पार्किंगच्या बल्बकडे जाऊन त्यांच्या अर्थिंगमधून परत फिरते. तापलेल्या 5 वॉटच्या फिलामेंटचा रोध 29 ओहमच्या आसपास असतो आणि 21 वॉटच्या फिलामेंटचा 7 ओहमच्या आसपास. थंड असताना तर मोठ्या फिलामेंटचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो. त्यामुळे बहुतेक सगळे व्होल्टेज लहान फिलामेंटच्याच वाट्याला येते. म्हणून ब्रेक दाबल्यावर दिवा पेटलेला दिसतो, पण तो ब्रेकचा उजेड नसतो. तो रात्रीच्या लहान दिव्याचा उजेड असतो.

रात्री याच्या उलट घडते. दिवे लावलेले असताना वीज लहान फिलामेंटमधून येऊन मोठ्या फिलामेंटच्या वाटेने ब्रेकच्या तारेत आणि तेथून उजव्या ब्रेक लाइटमधून अर्थिंगला जाते. मोठ्या फिलामेंटचा रोध नगण्य असल्यामुळे लहान दिवा जवळजवळ नेहमीसारखाच पेटतो आणि कोणालाही शंका येत नाही. ब्रेक दाबताच ब्रेकच्या तारेतही 12 व्होल्ट येतात. दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्टेज झाल्यावर करंट वाहायला जागाच राहत नाही आणि दिवा विझतो. उस्तादांनी हे सगळे दुकानाच्या भिंतीवर खडूने काढून दाखवले आणि शेवटी म्हणाले, “ब्रेक मारल्यावर दिवा विझतोय, म्हणजे बल्ब चांगला आहे. अर्थिंग बघा.” दोन्ही फिलामेंटमधून वीज वाहत असल्याशिवाय हा प्रकार घडूच शकत नाही, हे लक्षात घेतले तर बल्ब बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या गाडीत असे लक्षण दिसत असेल, त्यांनी हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी एक फेरा वाचेल.

दुरुस्तीला शोधापेक्षा कमी वेळ लागला. डाव्या दिव्याची अर्थिंगची तार हौद्याच्या मागच्या चौकटीला एका बोल्टने जोडलेली होती. हौद्याला रंग देताना तो बोल्ट काढला गेला आणि रंग वाळल्यावर थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, त्या रंगावरच कसले गेले. बोल्टच्या आट्यांमधून जो काही संपर्क राहिला होता, तो ओल्या कांद्याच्या मातीने आणि गाडी धुण्याच्या पाण्याने पुढच्या काही महिन्यांत गंजून संपला. शिवाय आमच्या गाडीत हौदा आणि चॅसी यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या आहेत. त्यामुळे हौद्यापासून चॅसीपर्यंतचा विजेचा मार्गही केवळ हौदा आवळणाऱ्या बोल्टांच्या भरवशावर होता. उस्तादांनी नुसता बोल्ट घासून परत कसला असता तरी दिवा त्या दिवशी पेटला असता. त्यांनी तसे केले नाही. दिव्यापासून थेट चॅसीपर्यंत नवीन तार ओढली, थिंबल दाबून त्याला वर डाग (सोल्डर) दिला, चॅसीवरची जागा कानशीने पांढरी होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळ्यावर व्हॅसलीनचा थर दिला. तार हौद्याच्या कडेला घासू नये म्हणून तिला स्लीव्ह घातली. मग पुन्हा ब्रेक दाबून तेच मोजमाप घेतले, तेव्हा 11 च्या जागी 0.1 व्होल्ट दिसले. दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर एकाच जागी एकच मोजमाप घेऊन ते गिऱ्हाइकाला दाखवणे, ही पद्धत सगळ्या दुकानांनी घ्यावी अशी आहे.

डावा दिवा पेटल्यावर मी निघण्याच्या तयारीत होतो. उस्तादांनी मात्र थांबवले. सुरुवातीच्या पाहणीत त्यांच्या लक्षात आले होते की दोन्ही ब्रेक लाइट पेडल बरेच खाली गेल्यावरच पेटतात. ब्रेकचा स्विच पेडलच्या वर बसवलेला असतो. पेडल मोकळे असताना त्याची दांडी दाबलेली राहते आणि संपर्क तुटलेला असतो; पेडल थोडे खाली गेले की दांडी सुटते आणि दिवा पेटतो. स्विच पेडलच्या फार जवळ कसला तर दांडी उशिरा सुटते आणि दिवाही उशिरा पेटतो. आणखी जवळ आला तर पेडल पूर्ण वर येण्यालाच अडथळा होऊन ब्रेक चिकटण्याची भीती असते. उलट तो फार लांब ठेवला तर दिवा सतत पेटून राहतो आणि रात्रभरात बॅटरी उतरते. आमच्या गाडीत नवा बसवलेला स्विच चुकीच्या अंतरावर कसलेला होता. उस्तादांनी लॉक नट सैल करून तो योग्य जागी आणला, पेडल बोटाने हलके दाबून दिवा लगेच पेटतो का हे पाहिले आणि नट पुन्हा आवळला. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

या प्रसंगाने एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. विनाकारण बदललेल्या भागाचे नुकसान त्याच्या किमतीपुरते नसते. जुना स्विच अनेक वर्षे बरोबर अंतरावर काम करत होता. तो गरज नसताना काढला गेला आणि त्या जागी गाडीत नसलेला दुसरा दोष आला, तोही असा की जो कोणाच्या नजरेस पडला नसता. दिवा पेटतो आहे एवढेच पाहिले जाते. तो पेडलच्या कोणत्या टप्प्यावर पेटतो, हे मागच्या गाडीतल्या माणसालाच कळते.

मी त्यांना एलईडी बल्बविषयीही विचारले, कारण बाजारात जुन्या होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब सहज मिळतात आणि ते अधिक टिकतात असे विक्रेते सांगतात. उस्तादांनी ते बसवण्यास नकार दिला, आणि त्यांची कारणे मला पटली. जुन्या दिव्याचा परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तेथे दुसऱ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की उजेड भलतीकडे फाकतो. दुसरे असे की एलईडीला करंट फार कमी लागतो, त्यामुळे अर्थिंग खराब असले तरी तो पेटलेला दिसतो आणि दोष झाकला जातो. ज्या गाडीचे अर्थिंग गंजू लागले आहे तिला एलईडी लावला असता, तर त्याच जागेवर विसंबून असलेल्या इंडिकेटरने त्रास देईपर्यंत काही समजले नसते. एलईडी साध्या बल्बपेक्षा लवकर पूर्ण तेजाने पेटतो, हे त्यांनी मान्य केले; तो फायदा हवा असेल तर त्यासाठी बनवलेला संपूर्ण दिवाच बदलावा, असे त्यांचे मत पडले. आपल्या दुकानातून जास्त किमतीची वस्तू विकण्याची संधी असताना दिलेला हा सल्ला आहे, म्हणून तो मी अधिक वजनाचा मानतो.

येथे कायद्याच्या बाजूचा उल्लेख करणे योग्य होईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे वाहनाला चालू स्थितीतील ब्रेक लाइट असणे बंधनकारक आहे, आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. आपल्या एमएच-13 च्या जुन्या गाड्यांचे मालक पासिंगच्या, म्हणजे या प्रमाणपत्राच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी दिव्यांकडे धावतात, हे सर्वश्रुत आहे. आमच्या गाडीतील दोष त्या घाईत सुटला असता तर मला नवल वाटले नसते, कारण दिवे लावून ब्रेक न दाबता पाहिले किंवा दिवे न लावता ब्रेक दाबून पाहिले, तर दोन्ही वेळा डावा दिवा पेटलेलाच दिसतो. दिवे लावून ब्रेक दाबला आणि मागून पाहिले, तरच खरा प्रकार कळतो.

खर्चाचे सांगायचे तर तार, थिंबल, स्लीव्ह आणि मजुरी मिळून 400 रुपयांच्या आत काम झाले. आधीच्या बल्ब, होल्डर आणि स्विचवर याहून कितीतरी अधिक पैसे गेले होते. उस्तादांनी जुना काढलेला बल्ब तपासून तो चांगला असल्याचे सांगितले आणि जवळ सुटा ठेवण्यास दिला. तो देताना त्याच्या दोन खिळ्यांची उंची कमीजास्त असते आणि म्हणून तो एकाच बाजूने बसतो, जबरदस्तीने उलटा बसवू नये, हेही त्यांनी पुतण्याला दाखवले.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काम रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली चालते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर असतो, तेव्हा तेथे थांबणे वृद्ध माणसांना सोसणार नाही. बसायला दोन लोखंडी खुर्च्या आहेत, पिण्याच्या पाण्याची सोय शेजारच्या चहावाल्याकडे आहे. फोनवर वेळ ठरवून मिळत नाही. आधी आलेल्या गाडीचे काम पूर्ण झाल्याशिवाय उस्ताद दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत, त्यामुळे बराच वेळ थांबावे लागू शकते. हा नियम कामाच्या दर्जासाठी चांगला असला तरी, नाशवंत माल भरून आलेल्या चालकाची त्यामुळे अडचण होते. त्याच्यासाठी निदान तपासणी तरी आधी करून द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे. पावती मागितल्यावरच मिळते आणि ती साध्या कागदावर असते. व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी ती आवर्जून मागून घ्यावी आणि तीवर गाडीचा क्रमांक व केलेले काम लिहून घ्यावे. विकत घेतलेल्या बल्बची हमी ते देत नाहीत, स्वतःच्या जोडणीची मात्र देतात. ज्या नव्या गाड्यांमध्ये दिव्यांचे नियंत्रण कॉम्प्युटरमार्फत होते, त्या ते घेत नाहीत आणि तसे सरळ सांगतात. शुक्रवारी दुपारी दुकान काही वेळ बंद असते.

कामानंतर काही आठवडे गेले आहेत. त्यात गाडी अनेकदा धुतली गेली आणि ओला माल घेऊनही आली. डावा दिवा उजव्याच्या बरोबरीने पेटतो आहे. पुतण्याने स्वतःहून एक सवय लावून घेतली आहे: रात्री निघण्यापूर्वी दिवे लावून तो गाडी भिंतीजवळ पाठमोरी उभी करतो आणि ब्रेक दाबून आरशातून भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडतो का ते पाहतो. यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही.

या दुकानात जाणाऱ्यांनी गाडी नेहमी चालवणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. दिवा कोणत्या वेळी, कोणत्या स्थितीत बिघडतो हे आधी घरी नीट पाहून ठेवावे, आणि गाडीवर अलीकडे रंगाचे, वेल्डिंगचे किंवा हौद्याचे काम झाले असेल तर ते न विचारता सांगावे. गाडी शक्यतो रिकामी न्यावी, कारण भरलेल्या गाडीचा मागचा फाळका उघडता येत नाही आणि आमच्या गाडीसारख्या रचनेत दिव्यामागची जोडणी फाळका उघडल्याशिवाय हाताला लागत नाही. सकाळी लिलावाची गर्दी ओसरल्यानंतर, साधारण अकराच्या पुढे गेल्यास उस्तादांना बोलायला वेळ असतो.